दहा मिनिटं पुढे

मी नौपाड्यातल्या रचना मॅडमच्या दातांच्या दवाखान्यात पोचले, तेव्हा त्यांच्या मदतनीस कांताताई पर्स खांद्याला अडकवूनच बसल्या होत्या. अवजारं वाफेने निर्जंतुक करणारं तिथलं यंत्र आमच्या कोलशेतच्या छोट्या कंपनीचं. त्यातला सी भाषेतला प्रोग्राम आता मी सांभाळते.

यंत्रात अवजारांबरोबर एक पट्टी ठेवतात. वीस मिनिटं पूर्ण वाफ मिळाली की ती काळी पडते. परवा ती करडीच निघाली होती.

"मी हात पण नाय लावला," ताई म्हणाल्या. "बीप वाजला, म्हणून उघडलं. पट्टी तरी मॅडमना कोणी दाखवली? मीच ना?"

"बीप आधीच कसा वाजेल, कांता?" मॅडम म्हणाल्या. "घाईत तूच बंद केलंस. ही अवजारं लोकांच्या तोंडात जातात. मला असं माणूस चालणार नाही."

मी यंत्र चालवून पाहिलं. पट्टी काळीकुट्ट निघाली. ताईंचा चेहरा उतरला.

मी लॅपटॉपवर प्रोग्राम उघडला. सुरुवातीला घड्याळात किती वाजले ते टिपायचं, मग आत्ताच्या वेळेतून ते वजा करायचं; वीस मिनिटं भरली की बीप. साधी वजाबाकी, चुकणार कुठे? यंत्राच्या पडद्यावर सव्वाअकरा झाले होते. भिंतीवरच्या घड्याळातही तेवढेच. माझ्या मोबाइलवर मात्र अकरा वाजून पाच.

"ताई, हे घड्याळ पुढे आहे?"

"इथली सगळीच दहा मिनिटं पुढे. त्याशिवाय मॅडम वेळेत येतात होय! हे मशीनच तेवढं बरोबर होतं."

"ते मी परवा पुढे केलं," मॅडम म्हणाल्या.

"चालू असताना?"

मॅडमनी मान डोलावली. मी यंत्र पुन्हा सुरू केलं आणि मध्येच त्याचं घड्याळ आणखी दहा मिनिटं पुढे ढकललं. बीप दहा मिनिटं आधी वाजला. पट्टी करडी.

मी ऑफिसातल्या सहकाऱ्याला, कमलेशला, फोन लावून हे सांगितलं. तो म्हणाला, "अगं, मग क्लॉक फंक्शन टाक ना."

"ते फक्त प्रोसेसर काम करतो तेवढाच वेळ मोजतं. वाफ चालू असताना तो बहुतेक झोपलेलाच असतो. वीस मिनिटं संध्याकाळपर्यंत संपायची नाहीत."

किती वाजले आणि किती वेळ गेला, हे दोन वेगळे प्रश्न. दुसऱ्यासाठी यंत्रात एक वेगळं घड्याळ असतं. त्याला वाजले किती ते ठाऊक नसतं, पण यंत्र सुरू झाल्यापासून ते पुढेच चालतं आणि कोणाला हलवता येत नाही. आमच्या प्रोग्रामने त्यालाच विचारायला हवं होतं. बदल चार ओळींचा होता. पुन्हा चाचणी घेतली, मध्ये पडद्यावरचं घड्याळ दोनदा फिरवलं. पट्टी काळी निघाली.

"चूक आमच्या प्रोग्रामची," मी म्हटलं.

"आणि माझी," मॅडम म्हणाल्या. "कांता, मी तुला नको ते बोलले." त्या स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ मागे करायला काढू लागल्या.

"ते असू दे हो मॅडम," कांताताई म्हणाल्या. "तुम्ही उशिरा आलात की पेशंट मलाच बोलतात." आणि त्यांनी पर्स खुंटीला अडकवली.