आजीचा अंगठा

झेंडूच्या वावरातून लताबाई घराकडे येताना दिसल्या, तशी छायाने धाकट्या कार्तिकीला आत ओढलं आणि स्वतः दारात आडवी उभी राहिली.

लताबाई गावच्या आशा सेविका, पण त्यांना आता गावात कुणी चहा विचारत नव्हतं. उन्हाळ्यात शाळेत मेंदूज्वराची लस दिली गेली आणि पावसाळ्यात छायाच्या सात वर्षांच्या वेदिकाला ताप चढला, झटके आले. नाशिकला दवाखान्यात वीस दिवस काढून पोर घरी आली, पण उजव्या हातात साधा पेला धरवत नव्हता. डास चावून झालेला आजार आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. छायाला ते पटलं नाही. लसीच्या दिवशी ती फुलं घेऊन बाजारात गेली होती. पोरीला टोचून आणलं, असं सासूबाई गोजराबाईंनी सांगितलं होतं. मग आजार आलाच कसा? लसीनेच केलं, असं तिने गावभर सांगितलं. लताबाईंनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही, म्हणून तर संशय पक्का झाला.

उद्या उपकेंद्रात लसीचा शेवटचा दिवस आहे, कार्तिकीला आणा, असं लताबाई सांगू लागल्या.

"एकीचं केलं तेवढं पुरे नाय का? रजिस्टर दाखवा. काय टोचलं व्हतं तिला?"

रजिस्टर उपकेंद्रात आहे, असं म्हणत लताबाईंनी पिशवी काखेत दाबली. पण रजिस्टरचा निळा पुठ्ठा बाहेर दिसत होता. छायाने तो ओढूनच घेतला.

वेदिकाच्या नावापुढे तारीख नव्हती. 'घरच्यांचा नकार' असं लिहिलं होतं आणि शेजारी गोजराबाईंचा अंगठा होता.

"सांगितलं का नाय?" छायाने विचारलं.

"तुम्हा सासू-सुनांना रोज एका चुलीवरचं जेवायचंय," लताबाई हळू म्हणाल्या. "मी काय, संध्याकाळी माझ्या घरी जाते."

आत गोजराबाई वेदिकाला भरवत होत्या. हातातला घास तसाच थांबला होता.

"टोचल्यावर पोरांना ताप येतो, म्हणत व्हते समदे," त्या म्हणाल्या, कुणाकडेच न बघता.

छायाने रजिस्टर मिटून परत दिलं.

"उद्या किती वाजता?"

"नऊला."

"मी नेते कार्तिकीला," गोजराबाई म्हणाल्या. "तुझा बाजार बुडंल."

छायाने कार्तिकीचा हात धरला.

"बुडू द्या," ती म्हणाली. "मी बी येते."