वन्सं काठावर

आयुष्य शिलाई मशीनवर वाकून गेल्यामुळे तिची पाठ पार धरली होती. डॉक्टरांनी पोहायला सांगितलं आणि नणंदेने तिला दुसऱ्याच दिवशी पोहण्याच्या तलावावर नेलं. नणंद शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, भावाकडेच राहणारी. हातपाय मारायला तिनेच शिकवलं. पण एक फेरी पुरी व्हायच्या आत भावजयीच्या तोंडाला फेस यायचा.

"कोणी मागे लागलंय का तुझ्या?" नणंद विचारायची. "सावकाश. पाण्यात श्वास पूर्ण सोड, म्हणजे वर आल्यावर तो आपसूक आत येतो. काठाला लागलीस की दम खा, मग पुढची फेरी."

"वन्सं, तुम्ही माशाच्या पोटी जन्मलात. माझं तसं नाही."

"सासूला मासा म्हणतेस?"

हळूहळू फेऱ्या वाढल्या, मधलं थांबणं कमी झालं. भावजयीला दम पुरू लागला, तोवर नणंदेचाच संपत आला. आधी ती काठ धरून थांबू लागली, मग पाण्यात उतरेनाशी झाली. तपासणीत कॅन्सर निघाला, तोही हाताबाहेर गेलेला.

"तू मात्र खाडा करू नकोस," ती अंथरुणावरून म्हणाली. "आलीस की किती फेऱ्या झाल्या ते मला सांगायचं."

भावजय रोज ओल्या केसांनी उशाशी बसून सांगायची. एका सकाळी नणंदेने हट्टच धरला, मला बघायचंय. भावाने तिला गाडीतून नेलं, शाल गुंडाळून काठाजवळ खुर्चीत बसवलं.

त्या दिवशी भावजय मध्ये थांबायचं नाही असं ठरवूनच उतरली. निम्म्यावर खांदे भरून आले. काठ धरावासा वाटला. तिने वेग कमी केला, श्वास सोडला आणि वळून पुन्हा निघाली. एवढं ती कधीच पोहली नव्हती. शेवटी काठाला हात लावून तिने पोहण्याचा चष्मा वर केला.

नणंद झोपली होती. मान कलली होती, तोंड किंचित उघडं. नवरा बहिणीला उठवणार, तेवढ्यात भावजयीने ओठांवर बोट ठेवलं.

परतताना गाडीत तिने विचारलं, "पाहिलंत ना, वन्सं?"

"पाहिलं तर. छान पोहलीस." नणंद खिडकीबाहेर बघत राहिली. मग तिने भावजयीचा हात हातात घेतला, तो घर येईपर्यंत सोडला नाही.

त्याच आठवड्यात ती गेली.

पुढे बरेच दिवस भावजय तलावाकडे फिरकली नाही. शेवटी नवराच म्हणाला, "जाऊन ये. अशी बसून राहतेस, मला बघवत नाही."

ती गेली. लाइफगार्डने सहज विचारलं, "ताई नाही आल्या?" ती पाण्यात उतरली. मधेच हुंदका आला, नाकातोंडात पाणी गेलं. पाण्यात बांधलेला दोर धरून ती ठसकत राहिली. बाजूचे लोक पोहत पुढे गेले. मग ती कशीबशी पलीकडच्या काठाला लागली आणि वर आली.

"एकच फेरी झाली," घरी येऊन ती म्हणाली.

"असू दे," नवरा म्हणाला आणि बहीण गेल्यावर पहिल्यांदाच तिच्यासमोर रडला.