फक्कीचं कॅथीड्रल

"दोरी ताणून धरा बाबा, नाई तं खांब वाकडे जातीन!" पुंडलिक ओरडला.

"धरलीच हाये ना! पन पोरा, देवाले एवढं लांब घर काऊन लागते?" पलीकडच्या टोकाहून तानबांनी विचारलं.

आंजी गावातल्या आपल्या वावरातली कपाशीची पऱ्हाटी तानबांनी मुलासाठी घाईने उपटून जमीन साफ करून दिली होती. वर्ध्याच्या एका कला-विद्यालयात पुंडलिक युरोपच्या कलेचा इतिहास शिकवायचा. स्वारी स्वतः नागपूरच्या पुढे कधी गेलेली नव्हती, पण फ्रान्समधल्या कॅथीड्रलांबद्दल बोलू लागली की वाटावं, कालच तिकडून जेवून आली. मुलांना मात्र पुस्तकातले नकाशे काही केल्या उमगत नव्हते. म्हणून घराचा पाया आखतात तसं अख्खं कॅथीड्रल चुन्याच्या फक्कीने जमिनीवर आखायचं त्याने ठरवलं, तेही खऱ्याएवढं. एक्याऐंशी साल होतं आणि त्याची नोकरी अजून कच्ची होती. मुंबईहून आलेले परीक्षक आज हा तास पाहून शेरा देणार होते.

उन्हं वर आली तशी त्यांची जीप बांधाशी थांबली. मागोमाग सायकलींवर मुलं-मुली आली. क्रुसाच्या आकाराचा, पांढऱ्या रेघांचा तो प्रचंड नकाशा पाहून परीक्षक हरखलेच.

"कमाल आहे! खेड्यात राहून हा नाद तुम्हाला लागला कुठून?"

"वडील शिल्पकार होते, सर."

पुंडलिकच्या तोंडून थाप निघून गेली. असं का बोललो, ते त्याचं त्यालाही कळेना. समोरचा मोठा माणूस कौतुकाने पाहत होता आणि ते कौतुक त्याला आणखी थोडं हवं होतं, एवढंच.

तास मात्र झकास रंगला. "इथून आत या," तो मुलांना म्हणाला, "दोन्हीकडे खांबांच्या रांगा आहेत. आता वर बघा. छत वीस पुरुष उंच आहे." मुलांनी खरोखरच माना वर केल्या.

तेवढ्यात तानबा पाण्याची कळशी घेऊन आले. फक्कीच्या रेघेशी थांबले, वहाणा बाहेर काढून ठेवल्या आणि मगच आत शिरले. वेदीची जागा होती तिथे कळशी खाली ठेवून त्यांनी हात जोडले. देव कोणता का असेना, घर त्याचं होतं.

परीक्षक हसले. "गडी मोठा भाविक दिसतो तुमचा!"

मुलींमधली सुलोचना आंजीचीच, तानबांना लहानपणापासून ओळखणारी. तिने चटकन पुंडलिककडे पाहिलं.

"हो," पुंडलिक म्हणाला. तिथे थांबता आलं असतं. पण तो पुढे म्हणाला, "जुना आहे आमच्याकडे."

तानबांनी ते ऐकलं. मग पेला भरून त्यांनी आधी परीक्षकांपुढे धरला आणि नंतर मुलापुढे.

"तुमी बी घ्या जी, मास्तर."

जन्मात बापाने त्याला 'तुमी' म्हटलं नव्हतं. आपलं खोटं बाप सांभाळून घेतोय हे लक्षात आलं आणि पुंडलिकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता तरी सांगून टाकावं, हे माझे वडील. त्याने तोंड उघडलं, आणि रंगीत काचांच्या गोल खिडकीबद्दल बोलू लागला. सुलोचना खाली मान घालून ऐकत होती.

तास संपल्यावर परीक्षकांनी त्याची पाठ थोपटली. "शेरा उत्तमच जाणार. चला, वर्ध्याला सोडतो तुम्हाला."

घरी मायने पुरण घातलं होतं. दोघे बापलेक जेवायला येतील म्हणून ती वाट पाहत असणार. पण गड्याच्या घरी मास्तर कसा जेवायला जाणार? पुंडलिक मुकाट्याने जीपमध्ये चढला.

तानबांनी त्याची पुस्तकांची जड पिशवी उचलून आणली आणि त्याच्या पायाशी नीट ठेवली.

"आणखी काई हाये का जी?"

"नाही."

तानबांनी परीक्षकांना हात जोडले. मग वळून पुंडलिकलाही जोडले. गड्याच्या नमस्काराला हलवतात तशी पुंडलिकने मान हलवली आणि जीप निघाली.