एकाने वाटे करायचे

आमचा घटस्फोट इतक्या गोडीगुलाबीने चालला होता की शेजाऱ्यांना वाटलं, घरात कुणाचा तरी वाढदिवस आहे.

ताई म्हणाली, "वकील कर. गोड बोलणाऱ्यांचीच भीती असते."

मी हसलो. केक कापताना आम्हा नवरा-बायकोचा जुना नियम होता: एकाने वाटे करायचे, दुसऱ्याने आधी उचलायचं. मग वकील कशाला?

वाटे मी केले. मी लिफ्ट दुरुस्त करतो. कुठल्या बाजूला किती वजन टाकायचं, ते मला कळतं. एका कागदावर घर, गाडी आणि बायकोची भट्टी लिहिली. ती पाव विकते, भट्टी म्हणजे तिचा जीव की प्राण. वर आईची आरामखुर्ची, आईसकट. दुसऱ्या कागदावर आमची सहा वर्षांची छकुली आणि एक गळकी बादली. बायको भट्टी सोडणार नाही, छकुली मला मिळेल, एवढाच माझा डाव.

बायकोने दोन्ही कागद सावकाश वाचले. हाताचं पीठ पुसलं.

"बादलीपण देतोयस? मन मोठं आहे हो तुझं," म्हणत तिने दुसरा कागद उचलला.

"थांब गं. एकदा वकिलाला विचारू या का?"

"वकील नको, असं तूच म्हणालास ना? कर सही."

दारात छकुली बूट घालून, दप्तर भरून उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

आतून आईने विचारलं, "अरे, मी कुणाच्या वाट्याला आले?"