लाईट गेल्यावर सुरू होणारी धार

थेंब नळीच्या टोकाशी फुगला, लांबट झाला, जरा वेळ तसाच लोंबला आणि पाण्यात पडला—मागून दुसरा, तिसरा, आणि मग त्यांची बारीक धार झाली. लाईट गेल्याचं राणीला पंखा थांबण्याआधी त्या आवाजावरून कळलं. भाकरीचं पीठ तसंच हाताला लागलेलं ठेवून ती काचेच्या टाकीपाशी आली. सोनेरी मासे धारेखाली जमले होते.

एवढंच ते यंत्र. भिंतीला टांगलेला पाण्याचा कॅन, त्यातून खाली सोडलेली सलाइनची नळी आणि मध्ये एका बंद डब्यात तिच्या नवऱ्याने, प्रमोदने, स्वतः तार गुंडाळून केलेलं लोहचुंबक. लाईट असेपर्यंत चुंबक एक पट्टी ओढून धरी आणि त्या पट्टीखाली नळी दबलेली राही; लाईट गेली की पट्टी सैल, नळी मोकळी, आणि पडत्या पाण्याबरोबर माशांना हवा. लाईट आली की छोटा पंप तेच पाणी पुन्हा वर चढवी. आखाडा बाळापुरात त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं, शेतकऱ्यांच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नवी तार भरून देण्यात दिवस जायचा. त्यातून उरलेल्या तारेचं हे.

प्रमोदला जाऊन दोन वर्षं झाली. कावीळ साधी म्हणता म्हणता वाढत गेली... पण त्याच्या मोबाइलवरचा व्हिडिओ राहिला. त्यात तो टाकीपाशी उभा राहून बटण बंद करतो, धार लागते, आणि तो म्हणतो, "आतलं कसं केलं ते पुढच्या येळी सांगतो." पुढची वेळ आली नाही. व्हिडिओखाली अजून लोक विचारत असतात—दादा, आतलं दाखवा की. दादा, आमचे मासे मरून राहिले. राणी ते वाचते आणि मोबाइल पालथा ठेवते.

तोच व्हिडिओ पाहून नांदेडचा एक माशांचा व्यापारी काल फोनवर बोलला होता. बोलणं गोड होतं. "वहिनी, आम्ही हे चांगल्या डब्यात बसवून विकू. खोक्यावर आमच्या दुकानाचं नाव राहील, तेवढं समजून घ्या. आणि आतलं दुसऱ्या कोणाला दाखवायचं नाही. सकाळी फोन करतो, तेव्हा सांगा."

रात्रभर ती एकच गोष्ट उलटून पालटून पाहत होती—ह्यांनी काय केलं असतं? विकलं असतं? दुकानात बसल्या बसल्या कोणालाही मोटारीतली खोट फुकट समजावून सांगणारा माणूस तो. पण गोरेगावच्या एकाने त्याचीच युक्ती आपली म्हणून सांगितली, तेव्हा संध्याकाळभर गप्प बसलेलाही तोच. कोणता प्रमोद धरायचा? सासूबाईंना विचारलं, तर जनकाबाई ज्वारी निवडता निवडता म्हणाल्या, "इकलं तरी त्याचंच, वाटलं तरी त्याचंच. तू काहून जीव जाळून राहिली?"

कारण सांगण्यासारखं नव्हतं. आतलं काय आहे ते जगात दोघांनाच माहीत होतं, आता एकटीला आहे. ते एकदा बाहेर गेलं की, मग ते विकून जावो नाहीतर वाटून, माझ्यापाशी त्याच्याबरोबरचं असं काय उरलं...

यंत्र नव्हतं तेव्हाच्या संध्याकाळी तिला आठवल्या. लाईट गेली की प्रमोद तांब्या घेऊन टाकीपाशी बसायचा, पाणी वर घ्यायचा, उंचावरून सोडायचा. हात भरून आला की तांब्या तिच्याकडे. अंधारात नुसता पाण्याचा आवाज, आणि त्या आवाजाआड दोघांना काहीही बोलता यायचं—लेकरू राहत नव्हतं ते, दवाखान्यातल्या नर्सच्या नोकरीत तिला लागलेले बोल, त्याला पुण्याला जायचं होतं आणि गेला नाही, ते. मग हट्टा गावी तिच्या मावसबहिणीच्या लग्नाला दोघं गेली आणि परत येऊन पाहतात तर लाईट गेलेली आणि सगळे मासे पालथे. प्रमोदने एकेक काढून परसात पुरला आणि दुसऱ्या दिवसापासून तार गुंडाळायला बसला. यंत्र झालं. तांब्या स्वयंपाकघरात गेला. अंधारातलं बोलणंही मग हळूहळू... तेव्हा लक्षात आलं नाही.

"ताई, आहात का घरात?"

तांड्यावरची पुजा दारात उभी होती. अंगणवाडीच्या कामाने बाळापूरला आली की ती डोकावून जायची. ती थेट टाकीपाशीच आली.

"दोन डाव मासे आणले अंगणवाडीत, दोन्ही डाव मेले," ती म्हणाली. "लेकरं आली की आधी काचेपाशी जातात. काहून मेले म्हणून मला इचारतात. काय सांगू?"

"एक करून देऊ का तुला?"

"करून नका देऊ. दाखवा. बिघडलं तर मग कोणाच्या तोंडाकडं पाहू मी?"

राणीने हात धुतले. नांदेडच्या माणसाला अजून शब्द दिला नव्हता, एवढं मनाशी म्हणाली, आणि स्टुलावर चढून तिने डब्याचं झाकण काढलं. आत तार, पट्टी, दबून मोकळी झालेली नळी. पुजा मान उंचावून पाहत राहिली.

"नळी काहून दाबली? बूचच लावायचं ना."

"आधी ह्यांनी बूचच लावलं होतं," राणी म्हणाली. हे तिला पाठ होतं, भेटायला आलेल्या किती जणांना डबा न उघडता एवढंच सांगितलेलं. "ते फुगून घट्ट बसायचं. लाईट गेली तरी निघायचं न्हाई. मग..."

मग काय? इथे ती नेहमी 'मग ह्यांनी नळी आणली' म्हणायची. पण आज डबा उघडा होता, आणि तिला तो दिवस आठवला. मी ड्युटीवरून आले होते—पांढऱ्या साडीतच, पायातल्या चपला तशाच. तो उकिडवा बसून बुचाला तेल लावत होता, वैतागलेला. मी म्हटलं, अहो, आमी सलाइन बंद करताना बूच लावतो का? नळी दाबतो. त्याने वर पाहिलं. तेलकट हाताने कपाळ पुसलं आणि हसला—"हे आधी नव्हतं का सांगायचं?" दुसऱ्या दिवशी नळी मीच आणली, मेडिकलमधून. हे मी कुठे ठेवून दिलं होतं?

"मग काय झालं, ताई?"

"मग मी सांगितलं त्यांना," राणी म्हणाली. "नळी दाबा म्हणून."

पुजाला त्यात काहीच नवल वाटलं नाही. "बराबर आहे," म्हणून तिने पट्टीला बोट लावून पाहिलं.

ओट्यावरचा मोबाइल वाजू लागला. नांदेडचा नंबर. आतून सासूबाईंनी फोन उचलण्यासाठी हाक मारली. राणी स्टुलावरून उतरली, पण लगेच पुढे झाली नाही. काय सांगायचं ते तिला अजूनही ठरवता आलं नव्हतं. दोन वर्षं ती कोणाची तरी ठेव सांभाळत होती, आणि ज्याची ठेव त्याला विचारता येत नव्हतं म्हणून रडत होती. पण यात आपलंही होतं; आता विचारायचं तर आपल्यालाच... हे फार एकटं वाटलं, आणि त्याच वेळी हलकंही. आपण हो म्हणू शकतो. नाही म्हणू शकतो. आणि 'ह्यांना असं वाटलं असतं' हे शब्द त्यात कुठेच लागणार नाहीत.

"घ्या की ताई, मी थांबते," पुजा म्हणाली.

"हं," राणी म्हणाली आणि ओले हात पदराला पुसत ओट्याकडे गेली.