केपचा खिसा

मी शिंपीण. उडणाऱ्या माणसांच्या गोष्टींचा मला भारी तिटकारा. पण ताई गेल्यापासून तिची लेक माझ्याकडे असते, आणि रोज त्याच वाचायला लावते.

"मावशी, प्रत्येक सुपरहिरोचं कुणीतरी गेलेलं असतं," एकदा ती म्हणाली. "मगच तो उडायला शिकतो."

मग तिने हट्टच धरला, आईच्या निळ्या कोटाची केप शिवून दे. कोटाला कात्री लावली आणि शिवली. हाताच्या सवयीने खिसाही लावून बसले.

"सुपरहिरोला खिसा नसतो!" ती फणकारली.

"मग रडू आलं तर रुमाल कुठे ठेवतो?" मीही ठणकावलं.

ती विचारात पडली. मग कपाटातून दोन रुमाल आणून तिने खिशात कोंबले.

"दोन कशाला गं?"

"एक तुझा. तू अजून रडलीच नाहीस."

खरंच होतं. दोन महिने मी मशीनवरून मान वर केली नव्हती. त्या दिवशी केली, आणि तिला जवळ घेऊन धाय मोकलून रडले. दोन्ही रुमाल भिजले.

आता मी उडणाऱ्या मंडळींना नावं ठेवत नाही. त्यांचे उपकारच आहेत माझ्यावर. फक्त त्यांच्या शिंप्याला अक्कल कमी. खिसा ठेवायला हवा होता.