मुसोलेची न गेलेली सूचना

“एवढं पलीकडे नेऊन दे गं.”

माझ्या कानावर पडलेला हा पहिला आवाज. किती वर्षं झाली, अजून तसाच घुमतो. तो बाना-मुम्बीचा, म्हणजे मुम्बीच्या आईचा. साम्फ्या या आमच्या गावात लेकुरवाळीला तिच्या नावाने कुणी हाक मारत नाही, लेकराच्या नावाने मारतात.

मित्रांनो, मी एक जुनी आज्ञा आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत. सात ओळी, एवढाच माझा देह. सरोवराकाठच्या रेडिओ केंद्रात एक जुना संगणक आहे. त्यातल्या लिहायच्या एडिटरच्या पोटात मी राहते.

बाना-मुम्बीचं काम मरणाच्या सूचना टिपण्याचं. माणसं यायची, समोरच्या बाकावर बसायची, कोण गेलं, कुठल्या गावचं, मातीला कधी नेणार ते सांगायची. बाना-मुम्बी लिहून घ्यायची. मग तिला एडिटर सोडून शेलकडे जावं लागे. शेल म्हणजे संगणकातला हमाल. सांगाल ते उचलतो, पण शब्द न् शब्द बरोबर सांगावा लागतो. रडणारं माणूस समोर, आणि इकडे एक अक्षर चुकलं की सगळी कमांड पुन्हा पहिल्यापासून. म्हणून तिने मला घडवलं. आता जागचं हलायला नको. तिने एक कळ दाबली की मी फाइल जपून ठेवायची, तिचं नाव घ्यायची आणि एडिटरच्या आतूनच शेलला हाक द्यायची: हे पलीकडे स्टुडिओत ने, त्या नावाची फाइल तिथे असलीच तर तिच्यावर पाय देऊ नकोस.

ही शेवटची ताकीद उगाच नव्हती. निवेदक बा कापेम्ब्वा वाचत असताना एकदा त्यांच्या समोरची फाइल मधेच बदलली होती. अर्धे आजोबा आणि अर्धी मावशी त्यांनी एका दमात पुरली होती.

शेलला उत्तर द्यायची खोड. काम झालं तरी सांगतो, नाही झालं तरी सांगतो. ते उत्तर पडद्यावर उगवायचं आणि लिहिलेलं झाकून टाकायचं. एक म्हातारा घाबरून ओरडला होता, “अहो, माझी बायको कुठं गेली? आत्ता तर हितं होती!” बाना-मुम्बीला वाईट वाटलं. तिने माझ्यात एक शब्द जास्तीचा घातला, मधे बोलू नकोस असं सांगणारा. त्या दिवसापासून शेल जे बोलेल ते मी मुकाट्याने मागच्या खोलीत, म्हणजे एका आडबाजूच्या फाइलीत, नेऊन टाकू लागले. तिथे कुणी जात नसे.

फार कौतुक झालं माझं. “मुम्बीच्या आई, तुमच्या बोटात भूत आहे की काय?” बा कापेम्ब्वा विचारायचे. “आत्ता तुम्ही खोकलात आणि आत्ता इकडे सूचना हजर!”

“भूत नाही, शहाणी पोर आहे माझी. तुमच्यासारखी बडबडत नाही.”

त्या बोलण्याने मी फुलून जाई. आता आठवलं की सातही ओळी गार पडतात.

काठावर मुसोले नावाची सुईण होती. तिच्या हातावर अर्धा काठ जन्मला, खुद्द मुम्बीसुद्धा. अडलेली बाई मोकळी झाली की आनंदाने लेकीला सुइणीचंच नाव द्यायची, अगदी पुरतं, मागचापुढचा शब्द न सोडता. काठावर मुसोले किती झाल्या, कुणी मोजल्या नाहीत.

आणि बाना-मुम्बी फाइलला फक्त गेलेल्याचं नाव द्यायची. बा कापेम्ब्वांनी एकदा सुचवलं होतं, “पुढे तारीख घाला की.” ती म्हणाली, “माणूस काय दोनदा मरतो? तारीख कशाला?”

एका मंगळवारी त्या मुसोलेंपैकी एक तरुण पोर तापाने गेली. तिची सूचना मी पोचवली. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी सुईण गेली. तिचा मुलगा चिबेसा दूर बेटावर मासेमारीला गेलेला. वारा असा सुटला होता की एकही होडी निघेना; बेटावर तेव्हा फोन लागत नसे. भाऊबंद धावत आले. “बाई, रेडिओशिवाय त्याला कोण सांगणार? माती उद्या दुपारी आहे.”

बाना-मुम्बीने डोळे पुसत लिहिलं. तिने कळ दाबली. मी हाक दिली. शेल गेला, परत आला आणि म्हणाला, “या नावाची फाइल तिथे आधीच आहे. नेली नाही.”

मित्रांनो, मी ऐकलं. मला बोलायची बंदी होती. ते वाक्य मी मागच्या खोलीत ठेवलं.

सूचना दोन दिवस वाचायची रीत. दुपारी एक वाजता बा कापेम्ब्वांनी मुसोले वाचली, कालचीच, पोरीची. मयताच्या घरी आक्रोशात ‘मुसोले’ एवढंच ऐकू आलं, आणि निरोप गेला असं सगळ्यांना वाटलं. बेटावर चिबेसाने नाव ऐकलं, गाव ऐकलं, “अरेरे, कालचीच ती पोर,” म्हणाला, आणि बॅटरी संपू नये म्हणून रेडिओ बंद करून जाळं विणत बसला.

तो आला पाचव्या दिवशी, सुक्या चिसेन्सेची टोपली घेऊन. आईला ती बारीक मासळी आवडायची.

तो केंद्रावर आला तेव्हा त्याचा आवाज फाटला होता. “बाना-मुम्बी, तुम्ही माझी आई वाचली नाही.”

“वाचली रे. दोन्ही वाचल्या. पहिली ऐकून तूच रेडिओ बंद केला असशील.”

चिबेसा बाकावर टेकला. मग म्हणाला, “हो. बंद केला होता.”

तो गेला, आणि बाना-मुम्बीला काय वाटलं कोण जाणे, तिने पहिल्यांदाच मागची खोली उघडली. शेलचं वाक्य तिथे पडलं होतं. तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक नावापुढे तारीख आली. का आली, ते तिने कुणाला सांगितलं नाही.

पाणी भरताना बायकांनी चिबेसावर गाणं केलं:

नाव घेतलं, नाव घेतलं, पाण्यावरून गेलं,
लेकाच्या कानाशी येऊन परक्याचं झालं.

चिबेसा वाटेने दिसला की हे गाणं थोडं मोठ्याने व्हायचं. अकरा वर्षं. आणि अकरा वर्षं रोज दुपारी एकच्या ठोक्याला पलीकडच्या फोल्डरातून ती पोर मला विचारायची, माझ्या दारात कोण उभं आहे गं? अलीकडे ती म्हातारी, न गेलेली, तशीच उभी. मी कुणाला सांगणार?

आता केंद्रात नवे संगणक आले आहेत. उद्या आमचा जुना संगणक बंद होणार. जुन्या सूचना काढून द्यायला आज बाना-मुम्बी आली आहे. केस पांढरे झाले, बोटं वाकली. आणि बाकावर चिबेसा येऊन बसला आहे.

“नात झालीय मला,” तो म्हणाला. “आईचं नाव द्यायचं मनात आहे. पण थोरले म्हणतात, ज्याला आईचं नाव ऐकू आलं नाही, त्याने ते कुणाला देऊ नये. बरोबरच आहे त्यांचं. मला फक्त ती सूचना हवीय. एकदा ऐकायचीय. मी ती कधी ऐकलीच नाही.”

“छापून देते,” बाना-मुम्बी म्हणाली. पण हात छपाईच्या कळेकडे गेला नाही.

मित्रांनो, एक विनवणी ऐका. ज्याला कामाला धाडता, त्याला परत आल्यावर बोलू द्या. ‘झालं नाही’ हे ऐकायला कटू लागतं, मान्य. पण न ऐकलेलं कुठे जात नाही. ते मागच्या खोलीत बसून राहतं.

बाना-मुम्बीने मला उघडलं. सात ओळी तिने बोटाने चाचपल्या, जुन्या शिवणीवर हात फिरवावा तशा. मग तो एक शब्द पुसला. मुसोलेची सूचना पडद्यावर घेतली आणि कळ दाबली.

मी हाक दिली. शेल गेला, परत आला. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी बोलले, भर पडद्यावर, सूचना झाकून: या नावाची फाइल तिथे आधीच आहे. नेली नाही.

चिबेसाने वाकून वाचलं. “म्हणजे काय, बाना-मुम्बी?”

तिने खुर्ची त्याच्याकडे वळवली.

“तुझं काही चुकलं नव्हतं, बाळा. तुझी आई त्या दिवशी कुणी वाचलीच नाही. मला हे तू येऊन गेलास त्याच संध्याकाळी कळलं होतं.”